तुरळक ठिकाणी

माझ्या फोनवर दोन प्रकारचे इशारे येतात.

पहिले ऑफिसचे. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमची यंत्रणा रात्री-अपरात्री अडखळली, तर त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्याचा फोन वाजतो. दुसरे इशारे आभाळाचे. आमचं गाव जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात आहे. हवामान खातं पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार तातडीचा अंदाज काढतं. तो माझ्या फोनवर येईल अशी सोय मी करून ठेवलेली आहे. त्यातलं वाक्य आता तोंडपाठ झालंय: जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह पावसाची शक्यता.

गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका दुपारी असा एक इशारा मी पाहिला आणि बोटानं बाजूला सारला. त्यानंतर तासाभरात आमच्या वावरात एका बाईचा हात मोडला. हा लेख त्या दुपारबद्दल आहे. पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल.

*

२०१४ साली मी दहावीला होतो. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीनं झोडपलं. आमचा पेपर चालू असताना वर्गाच्या पत्र्यावर गारा पडायला लागल्या. आवाज एवढा होता की पर्यवेक्षक काहीतरी ओरडून सांगत होते आणि आम्हाला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पेपर देऊन बाहेर आलो तेव्हा मैदान पांढरं झालेलं. आम्ही पोरांनी गारा खाल्ल्या. घरी पोचलो तर आबा गव्हाच्या बांधावर बसलेले होते. गहू आडवा पडला होता. ते काही बोलले नाहीत, मीही पेपर कसा गेला ते सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा ११ फेब्रुवारी २०१८. रविवार होता. मी तेव्हा औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या सकाळी जालना जिल्ह्यात झालेल्या गारपिटीत दोन वयस्क शेतकऱ्यांचा जीव गेला. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, मोसंबी, सगळ्याला फटका बसला. आमच्याकडे कांद्याचं बीजोत्पादन होतं. कांद्याचे गोंडे फेब्रुवारीत फुलावर असतात, दांडा पोकळ असतो. गार लागली की दांडा मोडतो, आणि मोडलेल्या दांड्याला बी धरत नाही. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "गोंडे गेले."

या वेळी मला वेगळं काहीतरी कळलं, ते म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात वादळी पाऊस आणि गारपिटीची शक्यता हवामान खात्यानं आधीच वर्तवलेली होती. हे मला वसतिगृहात मोबाइलवर, गारा पडून गेल्यानंतर समजलं. आबांना माहीत होतं का, असं विचारलं तर ते म्हणाले, "टीव्हीवर सांगत व्हते म्हणे. मग काय करायचं व्हतं? गोंडे घरात आणून ठेवायचे?"

तेव्हा मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. पण तो डोक्यात राहिला.

*

मराठीत संकटांची एक जुनी वाटणी आहे: अस्मानी आणि सुलतानी. जे आभाळातून येतं ते अस्मानी, जे राज्यकर्त्याकडून येतं ते सुलतानी. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. त्यांच्या नावावर 'अस्मानी सुलतानी' असं एक छोटं प्रकरणच आहे. ही जोडी आपल्या तोंडात इतकी रुळलेली आहे की त्यामागचा नैतिक हिशोब आपल्या लक्षात येत नाही. सुलतानीला कुणीतरी जबाबदार असतो. त्याला शिव्या देता येतात, त्याच्याकडे दाद मागता येते, निदान त्याचा पाडाव व्हावा अशी इच्छा तरी करता येते. अस्मानीला जबाबदार कुणी नाही. तिथं फक्त सोसायचं.

या रेषेवरून जगात मोठे वाद झालेले आहेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपानं उद्ध्वस्त झालं, तेव्हा व्होल्तेरनं कविता लिहून विचारलं की या विश्वात सगळं चांगल्यासाठीच घडतं असं आता कोणत्या तोंडानं म्हणायचं. पुढच्या वर्षी रूसोनं त्याला पत्र लिहिलं. त्याचा मुद्दा असा होता, की सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एकाच जागी निसर्गानं बांधलेली नव्हती. म्हणजे रूसोनं अस्मानीतला एक तुकडा उचलून माणसाच्या पदरात टाकला. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता पाप आहे हे त्यांनाही मान्यच होतं. पण निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटवणं त्यांना धोक्याचं वाटलं.

मला या वादात टागोरांचं पटतं. गार कुणाच्या पापामुळे पडत नाही. उत्तरेकडून पश्चिमी प्रक्षोभाबरोबर वरच्या थरात थंड हवा येते, समुद्राकडून खालच्या थरात दमट वारे येतात, मधली हवा अस्थिर होते आणि ढग उभे वाढत जातात. ढगातला वर जाणारा झोत पाण्याच्या थेंबांना शून्य अंशाच्या वर उचलून नेतो. तिथं ते गोठतात, त्यावर बर्फाचा थर चढत जातो, आणि झोताला पेलेनासे झाले की खाली येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठण्याची पातळी पावसाळ्यापेक्षा खाली असते, त्यामुळे वाटेत वितळून जायला गारेला वेळ कमी मिळतो. यात कुठं पाप नाही आणि पुण्यही नाही.

पण रूसोचंही पटतं. आणि आता तर रूसोच्या पुढची गोष्ट झालेली आहे. १७५५ मध्ये भूकंप येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. आज वादळ येण्याची शक्यता काही तास आधी कळते. ज्या क्षणी ती एखाद्याला कळते, त्या क्षणी वादळाचा एक हिस्सा अस्मानी राहत नाही. गार पडणं अस्मानी. गार पडणार हे माहीत असताना कुणी उघड्यावर असणं, ही कुणाची तरी जबाबदारी. अंदाज जसजसा सुधारत जाईल, तसतशी अस्मानीची हद्द मागं सरत जाईल.

मागं सरलेली ती जमीन कुणाच्या नावावर चढते, हा खरा प्रश्न आहे. सगळीच सरकारच्या नावावर चढते का? त्या ऑक्टोबरच्या दुपारी इशारा मिळाला होता. तो पाठवणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. तो माझ्या हातात होता.

*

आता ती दुपार.

जाफराबाद, भोकरदन आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन बरंच चालतं. आमचंही दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, मिरचीचं. हे काम फार नाजूक असतं. उमलायच्या बेतात असलेली कळी चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलांचे पराग तिला लावायचे. क्रॉसिंग म्हणतात त्याला. कळी एक दिवस चुकली की गेली. ती स्वतःच फळते आणि त्या फळाचं बी कंपनी घेत नाही. हे काम बहुतेक बायाच करतात. आमच्याकडे अकरा जणी येतात. त्यांच्यातल्या एकीला मी लहानपणापासून मावशी म्हणतो. नात्यानं मावशी नाही. आईबरोबर तिनं खुरपणीची कामं केलेली आहेत, म्हणून मावशी.

पुंकेसर काढायचं काम दुपारनंतरचं. आणि परतीच्या पावसाचं आभाळही दुपारनंतरच भरून येतं.

त्या वर्षी जूनपासून मी आबांना असे इशारे व्हॉट्सॲपवर पाठवत होतो. नंतर मोजले, अकरा वेळा पाठवले होते. त्यातल्या दोन वेळा आमच्या शिवारात पाऊस-वारा आला. नऊ वेळा काही झालं नाही. दोनदा तर आबांनी बायांना लवकर घरी पाठवलं, आणि संध्याकाळी लख्ख ऊन पडलं. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा त्यांचा फोन आला. "अरे, रोज रोज नको पाठवत जाऊ. आभाळ मलाबी दिसतं."

मला राग आला नाही. उलट मला ते लगेच कळलं, कारण ऑफिसात मी हेच दुसऱ्या बाजूनं भोगतो. यंत्रणा अडखळल्याचा इशारा कधी द्यायचा याचा एक उंबरठा ठरवावा लागतो. तो खाली ठेवला तर बारीकसारीक कारणानं रात्री तीनदा फोन वाजतो. आठवड्याभरात माणूस इशारे न वाचताच बंद करायला लागतो. वर ठेवला तर खरा बिघाड निसटतो. खोटा इशारा एकही नको आणि खरा एकही चुकायला नको, असा उंबरठा नसतो. एक कमी केलं की दुसरं वाढतं. यात कुणाचा दोष नाही. माहिती अपुरी असताना निर्णय घ्यायचा तर हे होणारच.

तर त्या दुपारी साडेतीनच्या सुमारास मी मीटिंगमध्ये होतो. फोन थरथरला. तेच वाक्य, तुरळक ठिकाणी. मी वाचलं. आबांचं बोलणं आठवलं. 'दामिनी' उघडून बघावं असं मनात आलं. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे ॲप, गेल्या काही मिनिटांत कुठं कुठं वीज पडली ते नकाशावर दाखवतं. पण मीटिंगमध्ये माझी बोलायची वेळ आली. मी इशारा बाजूला सारला आणि बोलायला लागलो.

सव्वाचारच्या आसपास गावात वावधान सुटलं. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या रोजच्या वाऱ्यात बिनघोर उभं असलेलं शेडनेट ताशी पन्नासच्या झोतात शिडासारखं फुगतं. आमच्या शेडनेटच्या पश्चिमेची जाळी फाटून वर उडाली आणि तिच्या ओढीनं दारापाशीचा लोखंडी पाइप उखडला. बाया बाहेर पळत होत्या. पाइप मावशीच्या उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं.

वीज पडली नाही, गारा पडल्या नाहीत. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. बातमीत येण्यासारखं काही घडलं नव्हतं. सरकारी मदतीच्या निकषांत मृत्यूला ४ लाख रुपये आहेत, कायमच्या अपंगत्वाला आहेत, रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर आहेत. प्लास्टर घालून त्याच संध्याकाळी घरी पाठवलेल्या मनगटाला त्यात जागा नाही. पण चिमट्यानं कळी उघडणाऱ्या बाईचं उजवं मनगट म्हणजे तिचं सगळं हत्यार असतं. तिचा तो अख्खा हंगाम गेला.

*

मी दोषी आहे का?

मित्राला विचारलं तर तो म्हणाला, वेडा आहेस का. तू हवामान खात्यात आहेस? आबांनीच नको पाठवू म्हणून सांगितलं होतं ना? आणि पाठवलं असतं तरी त्यांनी वाचलं असतं कशावरून?

हे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. तरी समाधान होत नाही. बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या असमाधानाला नाव दिलं: नैतिक नशीब. दोन ट्रकचालक सारख्याच हलगर्जीपणानं गाडी चालवतात. एकाच्या समोर मूल येतं, दुसऱ्याच्या समोर येत नाही. दोघांची चूक तेवढीच, पण पहिला आयुष्यभर वेगळा माणूस होऊन जगतो, आणि आपणही त्याला वेगळं वागवतो. कांटच्या हिशोबात हे बसत नाही. माणसाची किंमत त्याच्या हेतूवर ठरावी, त्याच्या हातात नसलेल्या परिणामावर नाही, असं कांट म्हणतो. पण आपलं मन त्या हिशोबानं चालत नाही.

माझ्या बाबतीत मला यातून एक गोष्ट दिसली. मी त्या दुपारी जे केलं, ते इतर दिवशीही केलंच असतं आणि तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नसतं. म्हणजे हात मोडल्यामुळे माझी चूक निर्माण झाली नाही. चूक असलीच तर ती आधीपासून होती. हात मोडल्यामुळे ती दिसली. मग ती होती कुठं? इशारा न पाठवण्यात, एवढंच उत्तर मला पुरेसं वाटेना. कारण त्याआधी पाठवलेल्या अकरा इशाऱ्यांकडे मी नीट पाहिलं तेव्हा ते पाठवण्यातही काहीतरी चुकत होतं असं दिसलं.

ते काय, हे समजायला 'तुरळक ठिकाणी' या शब्दांचा अर्थ बघावा लागतो. हवामान खात्याच्या भाषेत हा ढोबळ शब्द नाही. एखाद्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'; २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी'. म्हणजे तुरळक ठिकाणीचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी बहुतेक ठिकाणी काही होत नाही. जालना जिल्हा साधारण ७,७०० चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्यात नऊशेहून अधिक गावं आहेत. समजा दहा किलोमीटर रुंदीचा एक वादळी ढग तीस किलोमीटर सरकत गेला, तर त्यानं तीनशे चौरस किलोमीटर झोडपले. जिल्ह्याचा चार टक्के भाग. त्या गावांच्या दृष्टीनं तो अंदाज अगदी अचूक. उरलेल्या गावांत लोक म्हणणार, बघा, परत खोटं निघालं.

हे मला फार विचित्र वाटतं. एकच वाक्य वरून बघितलं तर खरं असतं आणि बांधावरून बघितलं तर जवळजवळ नेहमी खोटं. खातं जिल्ह्याला उत्तर देतं, शेतकरी आपल्या गट नंबरचा प्रश्न विचारत असतो. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. तरी मधला विश्वास झिजत जातो.

मी नेमका या मधल्या जागेवर उभा होतो. मला 'तुरळक'चा अर्थ माहीत होता, आबांना नव्हता. आणि मी काय केलं, तर वरचं वाक्य जसंच्या तसं खाली ढकललं. अकरा वेळा. एकदाही फोन करून म्हटलं नाही की आबा, हे बहुतेक आपल्याकडे येणार नाही, दहातून एखादवेळी येईल, पण आलं तर शेडनेटमध्ये कुणी असायला नको. ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग बायांच्या मजुरीचं काय? आणि त्या प्रश्नात मला पडायचं नव्हतं. पाठवण्याचं बटण दाबलं की माझ्यापुरतं काम संपत होतं. इशारा ही माझ्या अंगावरची वस्तू होती, ती मी आबांच्या अंगावर टाकत होतो. त्यांनी बायांच्या अंगावर टाकली. बायांकडे पुढं टाकायला कुणी नव्हतं.

इथं ऑफिसचा आणि वावराचा फरक आहे. ऑफिसात खोट्या इशाऱ्याची किंमत माझी झोप असते, आणि त्या झोपेचा मोबदला मला मिळतो. वावरात खोट्या इशाऱ्याची किंमत असते बायांचा अर्धा रोज. त्या दोनदा लवकर घरी गेल्या, तेव्हा आबांनी त्यांना अर्धाच रोज दिला होता. तशी रीत आहे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. म्हणजे उंबरठा ठरवणार आम्ही, खोटा इशारा निघाला तर पैसे जाणार त्यांचे, आणि खरा इशारा चुकला तर हात मोडणार त्यांचाच. दोन्ही बाजूंनी पैज आमची आणि डाव त्यांचा.

म्हणून मला आता वाटतं, की इशारा देणं हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं म्हणजे इशारा मानण्याची ऐपत. ज्याला थांबणं परवडत नाही, त्याला थांब म्हणून सांगितल्यानं सांगणाऱ्याची सुटका होते, ऐकणाऱ्याची होत नाही. भारतात दरवर्षी वीज पडून अडीच हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यातली बरीचशी उघड्या रानात काम करणारी असतात. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा, हे सगळं बरोबर आहे आणि सांगितलंच पाहिजे. पण पक्कं घर दोन किलोमीटरवर आणि अर्धा रोज डोळ्यासमोर असला, की माणूस लिंबाच्या झाडाकडेच बघतो. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे.

*

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मावशीला भेटायला गेलो. हात गळ्यात बांधलेला होता. फराळाचं ताट तिच्या सुनेनं आणलं. मी सांगून टाकलं, की मावशे, मला त्या दिवशी आधी कळलं होतं. मी कळवलं नाही.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कळवलं असतं तरी मी गेले असते का घरी? कळ्या काय थांबत्यात व्हय?"

मला एकदम हलकं वाटलं. तिनं मला सोडलं, असं वाटलं. पण तिचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"पण सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "जायचं का थांबायचं ते मी बघितलं असतं."

माझ्या मित्राच्या तिन्ही मुद्द्यांना याच्यात उत्तर आहे असं मला वाटतं. सांगूनही उपयोग झाला नसता, हा माझा बचाव होता. पण उपयोग होणार की नाही हे मी तिच्या वतीनं ठरवलं होतं. धोका तिचा होता, म्हणून तो पत्करायचा की नाही हा निवाडाही तिचा होता. सांगणं हे परिणामासाठी तर असतंच. पण त्याशिवाय, समोरच्याला आपण निर्णय घेणारा माणूस समजतो की नाही, हेही त्यातून ठरतं. आणि वर मी म्हटलेलं अर्धं वाक्यही इथं पुरं होतं: तिला खरोखर ठरवता यावं असं वाटत असेल, तर 'जायचं' या बाजूला अर्ध्या रोजाचा दंड असता कामा नये.

*

यातून आम्ही एक व्यवस्था केली. मोठी नाही. इशारा आला की मी मेसेज पाठवत नाही, फोन करतो. 'दामिनी'वर विजा कुठं आहेत आणि कोणत्या बाजूला सरकतायत ते बघून सांगतो. जवळ असतील तर आबा बायांना सांगतात, ज्यांना जायचं त्यांनी जा, रोज पूर्ण मिळेल. उरलेल्या अर्ध्या रोजाचे पैसे निम्मे मी देतो, निम्मे आबा. अकरा जणींचे दीडशेप्रमाणे एका वेळचे १,६५० रुपये होतात. चुकलेल्या कळ्यांचं नुकसान वेगळं. ते आबा सोसतात, आणि कुरकुरतातही.

हे न्याय्य आहे असा माझा दावा नाही. पहिलीच अडचण शेजारच्या शेतकऱ्यांकडून आली. तुम्ही मजूर बिघडवताय, असं एकानं आबांना पारावर सगळ्यांसमोर ऐकवलं. त्याचंही खोटं नाही. त्याच्या घरी पुण्याहून पैसे पाठवणारं कुणी नाही. त्याचं शेडनेट कर्जावरचं आहे. त्यानं पूर्ण रोज द्यायचा तर कुठून? माझ्या पगारामुळे जे शक्य होतं, त्याला मी नीती म्हणायचं आणि त्याला जे शक्य नाही त्याला अनीती, हे काही बरोबर नाही. वादळामुळे बुडालेल्या मजुरीची भरपाई हे खरं तर गावाचं, शासनाचं, बियाणं घेणाऱ्या कंपन्यांचं, सगळ्यांचं मिळून काम असायला हवं. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट होती तेव्हाही वीज नव्हती. महाराष्ट्रानं वीज आणि अवकाळी पाऊस राज्याच्या पातळीवर आपत्ती म्हणून घेतले. म्हणजे अस्मानीची हद्द कागदावरही हलवता येते. मृत्यू आणि पीक त्यात आले, तसा एक दिवस बुडालेला रोजही येऊ शकेल. पण तो येईपर्यंत, ज्याच्या हातात इशारा आहे आणि खिशात थोडे पैसे आहेत, त्यानं हात वर करून आभाळाकडे बघणं मला पटत नाही.

दुसरी अडचण माझी स्वतःची. या वर्षी आतापर्यंत पाच वेळा आम्ही काम थांबवलं. चार वेळा काहीच झालं नाही. पाचव्यांदा पाऊस आला, वारा साधाच होता. जाळीला काहीसुद्धा झालं नाही. ८,२५० रुपये गेले. हे सगळं बरोबर केलं असं दाखवायला माझ्याकडे एकही प्रसंग नाही. न झालेल्या अपघाताचा पुरावा कसा देणार? कधीकधी मनात येतं, की एकदा येऊन जावं वावधान, जाळी उडावी, आत कुणी नसावं, म्हणजे आबांची खात्री पटेल. मग लक्षात येतं, की आपण आपला मुद्दा सिद्ध व्हावा म्हणून वादळाची वाट बघतोय, आणि लाज वाटते.

मावशी या हंगामात परत कामाला आली. चिमटा धरताना अंगठा पूर्वीसारखा वळत नाही, त्यामुळे तिच्या कळ्या इतरांपेक्षा कमी होतात. आबा तिला सारखाच रोज देतात. गेल्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा आबांच्या हातातून तिनं फोन घेतला.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"तुरळक ठिकाणी म्हणतंय, मावशे."

"म्हंजे आमच्यात का न्हाई?"

"ते माहीत नाही."

"मग तसं म्हण की," ती म्हणाली, आणि मागं वळून बायांना ओरडून सांगायला लागली, की पोराला माहीत न्हाई म्हणं, ज्यांना जायचं त्यांनी जा. तिघी गेल्या. आठ जणी राहिल्या. मावशी राहिलेल्यांत होती.